गाडीत शिरलेली आई आणि सातवा भाग

प्रश्न असा आला आहे: "जुन्या, लवकर बंद पडलेल्या अमेरिकन मालिकांची एक यादी वाचली. वारलेली आई जुन्या गाडीतून बोलते, पोलीस तपास करता करता गातात, प्राध्यापक बिबट्या होतो. या कल्पनाच वेडगळ होत्या म्हणून मालिका बंद पडल्या का? माझ्याकडेही अशीच एक कल्पना आहे. दादरच्या चार मजली जुन्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये वारलेल्या सेक्रेटरींचा आवाज येतो आणि तो फक्त नव्या वॉचमनला ऐकू येतो. तेरा भागांची कन्सेप्ट नोट लिहायची आहे. हे टिकेल का?"

आधी सरळ उत्तर. कल्पना वेडगळ आहे एवढ्यावरून मालिका पडत नाही. एनबीसीने १४ सप्टेंबर १९६५ला 'माय मदर द कार' सुरू केली. चारच दिवसांनी त्याच वाहिनीवर 'आय ड्रीम ऑफ जिनी' आली, म्हणजे अंतराळवीराच्या घरात बाटलीतून निघालेली जिनी. जिनी पाच सीझन आणि १३९ भाग चालली, गाडीतली आई ३० भागांत आटोपली. बाटलीतली बाई पटते पण गाडीतली आई पटत नाही, असा काही त्या काळच्या प्रेक्षकाचा नियम नव्हता. पाहायचं ते दुसरंच. या कल्पनेतून दर आठवड्याला नवं काम निघतं का? आणि जिथे सीन घडतात तिथे ती कल्पना हजर राहू शकते का? तुमच्या लिफ्टचं भवितव्यही याच दोन गोष्टींवर ठरेल, म्हणून आधी त्या गाडीचं बॉनेट उघडू.

डेव्हिड क्रॅबट्री हा वकील. घरच्यांसाठी जुनी स्टेशन वॅगन घ्यायला जातो आणि १९२८च्या एका मोडक्या पोर्टर गाडीचा रेडिओ चालू करताच वारलेल्या आईचा आवाज येतो. गाडी घरी येते. जेरी व्हॅन डाइक नायक, आईचा आवाज अॅन सदर्न यांचा. आई बोलली की आवाजाच्या लयीत रेडिओच्या डायलचा दिवा उघडझाप करतो. आईचा 'चेहरा' म्हणजे एवढाच: डॅशबोर्डवरचा एक दिवा. आवाज फक्त मुलाला ऐकू येतो. कॅप्टन मंझिनी नावाचा जुन्या गाड्यांचा हपापलेला संग्राहक काही ना काही करून ती गाडी मिळवू पाहतो.

आता लेखकाच्या खुर्चीत बसा. नायक वकील, म्हणजे त्याचे महत्त्वाचे प्रसंग ऑफिसात, कोर्टात, स्वयंपाकघरात, झोपायच्या खोलीत. गाडी तिथे येऊ शकत नाही. त्यामुळे प्रत्येक भागात आधी काहीतरी निमित्त काढून नायकाला गाडीत नेऊन बसवावं लागतं आणि मग खरा विनोद सुरू होतो. गाडीत बसल्यावर कॅमेऱ्याला मिळतं काय? नायकाचा चेहरा आणि डायल. दोनच शॉट, अदलाबदल करत. बायको-मुलांना आवाज ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्या वाट्याला एकच प्रतिक्रिया उरते: या भंगाराचा एवढा लळा कशाला? आईला हवं काय, तर मुलाला सल्ला द्यायचा आणि आपण विकलं जायचं नाही. म्हणजे संकट एकाच जातीचं, गाडी चोरीला जाणं किंवा विकली जाणं. तो मंझिनी पुन्हा पुन्हा उगवतो तो त्यामुळे. लेखकांनी आळस केला म्हणून नव्हे. त्या कल्पनेत दुसरं संकट मावतच नव्हतं.

याच्या शेजारी 'मिस्टर एड' ठेवा. १९६१ ते १९६६, १४३ भाग. बोलणारा घोडा, आणि नियम तोच: फक्त मालकाशी बोलणार. मग घोडं अडलं कसं नाही? कारण मालक विल्बर आर्किटेक्ट आहे, घरूनच काम करतो आणि त्याचं ड्रॉइंग टेबल घोड्याच्या तबेल्यातच आहे. दोघं जण कामाच्या वेळी आपोआप एका सीनमध्ये. विल्बर मान वर करतो, अर्ध्या दरवाजातून घोड्याचं तोंड बाहेर येतं, संवाद सुरू. निमित्त काढायला लागत नाही. शिवाय एड खोडकर आहे. त्याला हौशी आहेत, रुसवेफुगवे आहेत, तो टेलिफोनवर बोलतो आणि भानगडी करून ठेवतो. गाडीतली आई भानगड झाल्यावर बोलते, घोडा भानगड करतो. सगळा फरक त्यात आला.

गाडी बोलणं हाच अडसर असता तर 'नाइट रायडर' चार सीझन चालली नसती. तिथे गाडी सगळ्यांना ऐकू येते, स्वतः धावते, भिंत फोडते, आणि नायक मायकेल इमारतीच्या आत असला की मनगटावरच्या घड्याळातून तिच्याशी बोलतो. ते घड्याळ म्हणजे लेखनातल्या अडचणीवर काढलेली फार स्वस्त युक्ती आहे. पोर्टरला तसं काही दिलं असतं तर मालिका थोर झाली असती असं नाही, पण निदान कोर्टात एखादा सीन करता आला असता.

आणि लेखक कच्चे होते हेही खरं नाही. 'माय मदर द कार' ज्या दोघांनी निर्माण केली, त्यांतल्या अॅलन बर्न्स यांनीच पुढे जेम्स ब्रुक्स यांच्याबरोबर १९७०ची 'द मेरी टायलर मूर शो' उभी केली. ती सात सीझन चालली आणि आजही विनोदी मालिकेचा नमुना म्हणून दाखवली जाते. तिथे चमत्कार काहीच नाही. एक अविवाहित बाई, टीव्हीच्या बातम्यांचं ऑफिस आणि तिचं घर. दोन जागा, दोन्हीकडे माणसं आपल्या पायाने येतात.

दुसरी जात नवलाईवर चालणाऱ्यांची. एबीसीची १९६७ची 'द सेकंड हंड्रेड यीअर्स' घ्या. सोनं शोधायला अलास्कात गेलेला ल्यूक १९००मध्ये हिमनदीत गाडला जातो आणि ६७ वर्षांनी जिवंत निघतो, वय मात्र ३३च. त्याचा मुलगा आता ६७ वर्षांचा म्हातारा, आणि नातू हुबेहूब आजोबांसारखा दिसणारा. आजोबा-नातू दोन्ही माँटी मार्कहमच. नात्यांची ही उलथापालथ खरोखर सुरेख आहे. बाप मुलाहून तरुण, यातून घरातला मान, अधिकार, पैसा, सगळ्यावर भाग निघाले असते. पण अशा कल्पनेत लेखकाला आयता विनोद खुणावत असतो: विमान बघून दचकला, टीव्ही बघून दचकला, मुलींचे कपडे बघून दचकला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते इथे शब्दशः लागू. दचकण्याच्या गोष्टी संपतात आणि माणूस शिकत गेला तर कल्पनाच विरघळते. शिकला नाही तर तो मूर्ख वाटतो. मालिका २६ भागांत संपली.

'इट्स अबाउट टाइम'ने तर चालत्या गाडीचं इंजिनच बदललं. सीबीएस, १९६६. दोन अंतराळवीर प्रकाशाचा वेग ओलांडतात आणि अश्मयुगात जाऊन पडतात. गुहा, टोळीचा मुखिया, डायनोसॉर, रोज तेच. प्रेक्षक उतरू लागले तेव्हा निर्माते शेरवुड श्वॉर्ट्झ यांनी यान दुरुस्त करून टाकलं आणि अंतराळवीरांबरोबर गुहेतल्या कुटुंबालाच आजच्या लॉस एंजेलिसमध्ये आणलं. शेवटचे सात-आठ भाग उलट्या कल्पनेवर चालले, शीर्षकगीताचे शब्दही बदलले. २६ भागांवर पडदा. मला यातला नंतरचा टप्पा पहिल्यापेक्षा जास्त बरा वाटतो, कारण अश्मयुगातल्या दोन आधुनिक माणसांना करण्यासारखं काही नव्हतं, आणि शहरातल्या गुहावासीयांना घरभाड्यापासून सगळंच करायचं होतं. पण हे इतके भाग लिहून झाल्यावर कळण्यात अर्थ नाही, कागदावरच कळायला हवं.

खर्चाने मेलेल्यांची यादी लांबलचक आहे, एकच जवळून पाहू. एनबीसीची 'मॅनिमल', ३० सप्टेंबर १९८३पासून, एकूण आठ भाग. प्रोफेसर जोनाथन चेस हव्या त्या प्राण्याचं रूप घेऊ शकतात आणि पोलिसांना मदत करतात. निर्माते ग्लेन लार्सन, म्हणजे 'नाइट रायडर'वालेच. रूपांतराचा परिणाम स्टॅन विन्स्टन यांचा: हाताची शीर फुगते, नखं फुटतात, श्वास घोगरा होतो. त्या काळासाठी भारीच काम. पण ते एकदाच करून ठेवता येतं. म्हणून बिबट्या आणि ससाणा या दोघांचे तेच तुकडे भागामागून भाग वापरले गेले आणि बाकीचे प्राणी झाले की कॅमेरा दुसरीकडे. तिसऱ्या भागापर्यंत प्रेक्षकाला तो तुकडा पाठ होतो. त्यातच नियमाला मोठं भोक: रूपांतराच्या वेळी कपडे फाटतात, आणि माणूस परत आला की अंगावर पूर्ण सूट, टायसकट. लोक अजून त्यावरच हसतात. आणखी खोल दोष हा, की न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बिबट्या व्हायची गरज दर आठवड्याला का पडावी? ते कारण ओढूनताणून आणावं लागे. त्याच हंगामात लार्सन यांनी एबीसीसाठी 'ऑटोमॅन' काढली, पोलिसांच्या संगणकातून प्रकट होणारा चमकता नायक. काटकोनात वळणारी त्याची गाडी मजेशीर होती आणि एक नियम फार चांगला होता: तो इतकी वीज खातो की शहराचे दिवे मंदावतात. मर्यादा दिसते, कळते, नाट्य देते. तरी १३ केलेल्यांपैकी १२ भाग दाखवून ती थांबली.

याउलट 'द टाइम टनेल' (१९६६, ३० भाग). दोन शास्त्रज्ञ कालबोगद्यात हरवतात, पहिल्याच भागात टायटॅनिकवर जाऊन पडतात. दर आठवड्याला नवा काळ म्हणजे खर्चाचा डोंगर, असं वाटेल. पण स्टुडिओ ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स. त्यांच्या गोदामात जुन्या ऐतिहासिक चित्रपटांची लढाया, जहाजं, गर्दी अशी रिळं पडून होती. लढाई जुन्या चित्रपटातली, पुढे उभे दोन नट नवे. कधी कधी कथा कुठल्या काळात घडणार ते हाताशी कुठलं फुटेज आहे त्यावरून ठरे. यात लाजण्यासारखं काही नाही.

'कॉप रॉक'बद्दल मराठी वाचकाला जरा वेगळं सांगायला हवं, कारण पोलीस गातात यात आपल्याला काही विचित्र वाटत नाही. संगीत नाटक पाहिलेल्या माणसाला न्यायाधीशाने पद म्हटलं तरी चालतं. स्टीव्हन बॉचको हे 'हिल स्ट्रीट ब्लूज'सारख्या खरखरीत पोलीस मालिकेचे निर्माते. त्यांनी १९९०च्या सप्टेंबरात एबीसीवर तसाच पोलीस-कोर्ट-तुरुंगाचा ऐवज घेतला आणि दर भागात पाचेक गाणी घातली. पहिल्या भागाची गाणी रँडी न्यूमन यांची. न्यायाधीश ज्युरींना निकाल विचारतात आणि ज्युरी चर्चमधल्या गायनवृंदासारखी उभी राहून आरोपी दोषी असल्याचं गाते. त्या गाण्याला एमी पुरस्कार मिळाला. आवाज आधी रेकॉर्ड करून ओठ हलवण्याऐवजी नट सेटवरच गायचे.

हिशेब मांडा. आपल्याकडे चित्रपटाची पाच-सहा गाणी कित्येक महिने आधी बसतात, मग चित्रीकरण. इथे तासाचा भाग, साधारण ४८ मिनिटांचा ऐवज, आणि दर आठवड्याला पाच नवी गाणी: लिहायची, चाल लावायची, न गाणाऱ्या नटांना शिकवायची, सेटवर थेट ध्वनिमुद्रित करायची. पण वेळापत्रकापेक्षाही गाडं अडलं ते नियमावर. माणसं कधी गातात? संगीत नाटकात ठरलेलं असतं, भावना बोलण्यात मावेनाशी झाली की पद येतं, आणि प्रेक्षक मुळात पदासाठीच आलेला असतो. 'कॉप रॉक'च्या प्रेक्षकाला खुनाचा तपास पुढे न्यायचा असतो आणि गाणं आलं की तपास थांबतो. दोन भुका, एक ताट. ११ भाग झाले. शेवटच्या भागात नट पात्रं सोडून मालिका संपल्याची गंमत करतात आणि 'जाडजूड बाई गाईपर्यंत खेळ संपत नाही' या इंग्रजी म्हणीतली ती बाई खरोखर येऊन गाते. निरोप मात्र झकास घेतला.

कोडं हेच कथाबीज असलं तर आणखी एक सापळा आहे. 'कोरोनेट ब्लू'मध्ये पाण्यातून वर काढलेल्या तरुणाला स्वतःचं नाव आठवत नाही, फक्त 'कोरोनेट ब्लू' हे दोन शब्द आठवतात. हे चित्रीकरण १९६५चं, सीबीएसने ते १९६७च्या उन्हाळ्यात रिकाम्या जागा भरायला दाखवलं. १३ पैकी ११ भाग दिसले. लोकांना आवडलं, पण तोवर नायक फ्रँक कॉन्व्हर्स दुसऱ्या मालिकेत अडकला होता. त्या दोन शब्दांचा अर्थ पडद्यावर कधीच उलगडला नाही. लेखक लॅरी कोहेन यांनी पुढे सांगितलं की नायक अमेरिकन म्हणून पेरलेला रशियन हेर होता. गंमत म्हणजे त्याच उन्हाळ्यात, २९ ऑगस्ट १९६७ला, 'द फ्युजिटिव्ह'चा शेवटचा भाग झाला आणि देश टीव्हीपुढे बसला. तिथेही कोडं होतं, बायकोचा खून कुणी केला. पण त्याच खुनाच्या आरोपावरून फरार झालेला डॉ. किंबल दर आठवड्याला नव्या गावात, नव्या नावाने, नव्या नोकरीत. कोडं बाजूला ठेवलं तरी भाग उभा राहायचा, म्हणून १२० भाग झाले. तुमच्या नोटमध्ये सेक्रेटरींचा मृत्यू कसा झाला असं रहस्य घालायचा मोह होईल. घाला, पण त्याच्या टेकूवर भाग उभा करू नका.

काही मालिका मात्र कल्पनेने मेल्याच नाहीत. 'बॅटमॅन'ची लाट आल्यावर एनबीसीने 'कॅप्टन नाइस' आणि सीबीएसने 'मिस्टर टेरिफिक' काढली. दोन्ही दुबळ्या माणसाला औषधाने शक्ती देणाऱ्या थट्टा, आणि दोन्ही ९ जानेवारी १९६७ला, एकाच रात्री, एकामागोमाग एक सुरू झाल्या. त्याच वर्षी २८ ऑगस्टला दोन्ही गेल्या. 'मिस्टर टेरिफिक'चा नियम चांगला होता, गोळीचा असर एक तास आणि वर दहा-दहा मिनिटांच्या दोन गोळ्या. आयतं घड्याळ! पण लाट ओसरताना तिच्यावर चढलं की असं होतं.

माझ्या मते यांतली सगळ्यात हळहळण्याजोगी 'व्हॉयेजर्स' (एनबीसी, १९८२-८३, २० भाग). कालप्रवासी फिनिअस बॉग इतिहासातल्या चुका दुरुस्त करत फिरतो. हातात ऑम्नी नावाचं घड्याळासारखं यंत्र: लाल दिवा म्हणजे इथे काहीतरी बिघडलंय, हिरवा म्हणजे जमलं. ऑम्नी १९७०च्या पुढे जातच नाही, पण बिघडल्यामुळे बॉग १९८२मध्ये एका मुलाच्या खिडकीतून आत येऊन पडतो. तिथे कुत्रा त्याची मार्गदर्शक पोथी ओढून ठेवतो. मुलगा इतिहासाच्या प्राध्यापकाचा, त्याला इतिहास तोंडपाठ. बघा किती गोष्टी एका फटक्यात बसल्या: पोथी नाही म्हणून बॉगला मुलगा हवा, आईबाप नाहीत म्हणून मुलाला बॉग हवा, दिवा आहे म्हणून काम कधी संपलं ते बोलून दाखवावं लागत नाही. कथाबीज कसं शिवायचं ते शिकायला हा पहिला भाग उत्तम. पण वेळ मिळाली रविवारी संध्याकाळी, समोर सीबीएसचा '६० मिनिट्स' हा बातम्यांचा कार्यक्रम. तिथे कुणाचाच निभाव लागत नव्हता.

मग या विसरल्या का गेल्या? त्यालाही हिशेब आहे. अमेरिकेत मालिकेचा खरा पैसा पुनःप्रक्षेपणात असे, आणि स्थानिक केंद्रं आठवड्याचे पाच दिवस रोज एक भाग अशी दाखवत. त्यासाठी साधारण शंभर भाग हाताशी लागतात. आठ भागांची 'मॅनिमल' दोन आठवडेही पुरत नाही, ३० भागांची आई सहा आठवड्यांत संपते. त्यामुळे अशा मालिका फडताळात गेल्या आणि मुलांच्या पुढच्या पिढीने त्या पाहिल्याच नाहीत. 'जिनी' आणि 'मिस्टर एड' आठवतात त्यातला मोठा वाटा पुनःप्रक्षेपणाचा.

आपल्या दूरदर्शनवर छोटी मालिका म्हणजे फसलेली मालिका नव्हे. १९८४नंतर प्रायोजित मालिकांचं युग आलं तेव्हा मंजुरी बहुधा १३ भागांची मिळे, म्हणजे वर्षाच्या ५२ आठवड्यांचा चौथा हिस्सा. मुदतवाढ मिळाली तर पुन्हा १३. म्हणून १३ भागांत संपणारी कल्पना हा गुण होता. 'मिस्टर योगी' आठवा, केतन मेहता, १९८८-८९. मधु राय यांच्या गुजराती कादंबरीवरून. अमेरिकेतून लग्नासाठी आलेला योगेश पटेल बारा राशींच्या बारा मुली बघतो. मोहन गोखले नायक, आणि ओम पुरी सूत्रधार होऊन मधे मधे त्याची फिरकी घेतात. बारा राशी, तेरा भाग! संख्या कल्पनेतच बसलेली. दर भागात नवी मुलगी, नवं घर, नवे सासूसासरे, आणि कायमचे नट मोजके. प्रेक्षकालाही किती उरलं ते माहीत. याच कादंबरीवर आशुतोष गोवारीकरांनी २००९मध्ये चित्रपट केला तेव्हा बाराही मुली एकाच नटीने केल्या. चित्रपटात ती करामत ठरते. मालिकेत मात्र दर आठवड्याला नवा चेहरा हेच इंधन होतं.

रोजच्या मराठी मालिकेचं गणित निराळं. आठवड्याला पाचच भाग धरले तरी वर्षाला २६०. तिथे कुठलीही चमत्कारिक कल्पना महिना-दोन महिन्यांत घरातल्या भांडणात विरघळते, तशी विरघळावी म्हणूनच निवडलेली असते. तुम्ही तेरा भागांचं बोलताय, तेव्हा तो हिशेब बाजूला ठेवा.

आता तुमची लिफ्ट. जागेच्या बाबतीत ती पोर्टरपेक्षा कैक पटींनी बरी, तबेल्यासारखी आहे. माणसं रोज तिच्याकडे येतात, दाराआड दोन मिनिटं कोंडली जातात आणि एकमेकांशी बोलतात. वॉचमनची खुर्ची लिफ्टसमोरच. लिफ्टला घराघरातलं ऐकू येत नाही, पण मजल्यामजल्यावरचं कुजबुजणं पोचतं. ही मर्यादा लिहून ठेवा: सेक्रेटरींना फक्त लिफ्टमध्ये आणि लिफ्टच्या दारात बोललेलं कळतं. बाकी सगळं वॉचमनने शोधून आणायचं. हे तुमचं घड्याळ, हाच तुमचा लाल-हिरवा दिवा.

दुबळी बाजू नायकाची. वॉचमनच्या हातात अधिकार काहीच नाही, म्हणून तो ऐकेल आणि गप्प बसेल, आणि तुमचा भाग क्रॅबट्रीच्या गाडीसारखा सल्ला ऐकण्यात जाईल. त्याला गरज द्या. समजा, नोकरी तीन महिन्यांच्या बोलीवर आहे, तक्रार आली की जाणार. आणि सेक्रेटरींना हाव द्या. वारले तरी त्यांना सोसायटी चालवायचीच आहे. त्यांनी भानगड केली पाहिजे: नको त्या वेळी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकवणं, नको त्या दोघांना एकत्र कोंडणं. घोड्याचा फोन तो हाच.

नोट लिहायच्या आधी एका कागदावर तेरा ओळी लिहा, प्रत्येक वीस-पंचवीस शब्दांची, आणि प्रत्येकीत चार गोष्टी दिसू द्या: कोण लिफ्टमध्ये येतं, सेक्रेटरी काय ऐकतात, वॉचमनला काय करावं लागतं, आणि त्याची नोकरी कशी धोक्यात येते. विषय सोसायटीतच पडलेले आहेत: मेंटेनन्स थकलेला भाडेकरू, वरच्या मजल्याची गळती, पार्किंग, नॉमिनीचा वाद, टाकीच्या पाण्याची वेळ, हरवलेलं मिनिट्स बुक. पहिल्या पाच ओळी भरभर सुचतील, त्यावर खूश होऊ नका. सहा ते दहा पाहा. तिथे एकच खलनायक तिसऱ्यांदा आला, किंवा 'वॉचमनला वेडा समजतात' हे दुसऱ्यांदा आलं, तर मंझिनी घरात शिरला असं समजा आणि पात्रांची यादी बदला. मग आवाज काढून टाकून तेरा ओळी पुन्हा वाचा. वॉचमन आणि रहिवासी यांच्यात काही उरतं का? उरत नसेल तर लिफ्ट कितीही गोड बोलली तरी उपयोग नाही.

बावीस मिनिटांच्या भागात लिफ्टच्या आत सहा-सात मिनिटांपेक्षा जास्त राहू नका, आणि तीही तीन खेपांत विभागा. खऱ्या लिफ्टमध्ये चित्रीकरणाचा नाद सोडा. चार माणसांच्या जुन्या लिफ्टमध्ये कॅमेरा आणि नट दोन्ही मावत नाहीत. पाच फूट बाय पाच फुटांचा सेट लावा, तीन भिंती सुट्या, समोर ओढायचा जाळीचा दरवाजा. लिफ्ट हलवायची गरज नाही. जाळीबाहेर वरून खाली सरकणारी उजेडाची पट्टी, सुरू होताना आणि थांबताना सेटला हलका धक्का, पुरे. सेक्रेटरींचा आवाज मागाहून चिकटवू नका. तो नट सेटवर कॅमेऱ्यामागे बसून बोलू दे, नाहीतर वॉचमनच्या प्रतिक्रिया अर्ध्या क्षणाने चुकतील आणि विनोद मरेल. आवाज आला की पडद्यावर काय दिसतं तेही आत्ताच ठरवा. पोर्टरकडे डायल होता, तुमच्याकडे मजल्यांचे दिवे आहेत. तिसऱ्या मजल्याचा दिवा लागला की सेक्रेटरी बोलतात, कारण ते तिसऱ्यावर राहायचे. मग ज्या भागात तिसऱ्याचा बल्ब उडालेला असतो त्याची एक ओळ आयती मिळाली.

शेवट तुमच्या कल्पनेत आधीच आहे. चार मजली जुनी इमारत, दादर: रीडेव्हलपमेंट येणारच. पहिल्या भागात नोटीस बोर्डावर सभेची तारीख लावा, तेराव्यात लिफ्ट उतरवायला माणसं येऊ देत. आणि लिहायला बसाल तेव्हा पहिला भाग आधी लिहू नका, सातवा लिहा, ज्यात दिवसभर वीज नाही आणि वॉचमनला पहिल्यांदाच सेक्रेटरींशिवाय निभवायचं आहे.